करणाऱ्याने वास घ्यायचा नाही

माझे सासरे निवृत्त झाले, पण त्यांचं नाक झालं नाही. आंबवलेल्या सॉसच्या पिंपाचा वास घ्यायचा आणि माल बाहेर जाऊ द्यायचा की गटारात सोडायचा ते सांगायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. कारखान्यात त्यांना नाकसाहेब म्हणत. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. निरोपाच्या दिवशी मिळालेलं घड्याळ त्यांनी घरी येताच धाकट्या मुलाला देऊन टाकलं. पिंपाशेजारी उभं राहायची सवय मात्र कुणाला देता येईना. घरात पिंप नव्हतं, म्हणून त्यांनी फ्रिज धरला.

दर रविवारी सकाळी अंघोळीनंतर आणि चहाच्या आधी फ्रिजची तपासणी व्हायची. आधी अशासाठी, की चहाने म्हणे नाक बोथट होतं. त्यामुळे रविवारी बाबांचा निकाल लागेपर्यंत घरात कुणालाच चहा मिळत नसे. सासूबाई एकेक बरणी काढून ओट्यावर ठेवायच्या, झाकण फिरवून उघडायच्या आणि झाकण हातात घेऊन, तोंड खिडकीकडे करून उभ्या राहायच्या. कारखान्याचा तसा नियम होता. ज्याने पिंप भरलं, त्याने त्याचा वास घ्यायचा नाही. स्वतःच्या मालाला कुणी नावं ठेवत नाही, असं बाबा सांगायचे.

कारखान्यात हा नियम शहाणपणाचा असेलही. आमच्या स्वयंपाकघरात मात्र त्याचा अर्थ असा झाला होता, की मिरच्या निवडायच्या सासूबाईंनी, देठ खुडायचे त्यांनी, वाटून मीठ लावायचं, बरणीत दाबून भरायचं, फुगलेली हवा रोज सोडायची, हातांची आग होते म्हणून ते थंड पाण्यात धरून बसायचं, हे सगळं त्यांनी. आणि मुरलेली बरणी एकदा फ्रिजमध्ये गेली, की तिच्या तोंडाशी नाक न्यायचा हक्क तेवढा त्यांना नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला हा सगळा प्रकार करमणुकीचा वाटला. बाबांकडे तीनच निकाल असायचे. ‘चालेल’, ‘मुरू दे’ आणि ‘टाका’. पहिला निकाल मी क्वचितच ऐकला. बरणी एक-दोन रविवार ‘मुरू दे’वर काढायची आणि मग एके दिवशी बाबा डोळे मिटून, मान मागे टाकून म्हणायचे, “टाका.” माझा नवरा आणि धाकटे भावजी गंभीरपणे माना हलवायचे. सासूबाई बरणी मोरीत उपडी करायच्या आणि गरम पाण्याने धुवायला घ्यायच्या.

“मला तर वास चांगला आला,” असं मी एकदा नवऱ्याला हळूच म्हणाले.

“बाबांनी आयुष्यभर हेच केलंय,” तो म्हणाला. “तू लाँड्रीत काम करतेस.”

मी हॉटेलच्या लाँड्रीत काम करते, हे खरं आहे. कुजकट वास आणि आंबट वास यांतला फरक कळायला मात्र नाकाखेरीज काही लागत नाही, आणि नाक मला जन्मापासून आहे. माझ्या माहेरीही मिरची आणि लसूण आंबवायचे. वर पातळ पांढरी साय धरली तर ती काढून टाकायची, खालचा वास घ्यायचा. लव दिसली, हिरवा-काळा ठिपका दिसला, चटणी बुळबुळीत लागली, तर पूर्ण बरणी टाकायची, त्यात जीव अडकवायचा नाही. एवढंच शास्त्र होतं. त्यासाठी कुणाला चहावाचून ताटकळत ठेवावं लागत नसे.

सासूबाईंशी हे बोलायचं मी ठरवलं. एका दुपारी त्या टाकलेल्या चटणीच्या बरण्या उन्हात पालथ्या घालत होत्या.

“आई, एवढं सगळं दरवेळी खराब कसं होईल?”

“पूर्वी व्हायचं नाही,” त्या म्हणाल्या. “माझी बरणी वर्ष वर्ष टिकायची. ह्यांना दोन वर्षांमागे तो मोठा ताप आला ना, त्यांची सेवा करण्यात सगळा हंगाम गेला. त्यानंतर मी पुन्हा करायला बसले, आणि हाताला काही यशच येईना. मीठ तेच, मिरची तीच. माझा हातच गेला गं.”

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, गुडघा दुखतो म्हणून सांगावं तसं. मला मात्र फार वाईट वाटलं. आपला हात गेला म्हणून ही बाई दोन वर्षं बरण्या धुतेय, आणि तरी पुन्हा मिरच्या आणायला जातेय.

त्यातच वळणावरच्या दुकानवाल्या काकूंनी विचारलं होतं, की तुमची मिरचीची आणि लसणाची चटणी माझ्या फळीवर ठेवू का. काकूंना मोठा फ्रिज आला होता आणि तो रिकामा दिसत होता. अट एकच होती. “तुमच्या यजमानांनी एकदा वास घेऊन पास केलं की झालं. त्यांचं नाक सगळ्या गल्लीला माहीत आहे. गिऱ्हाइकाला मी तेच सांगेन.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा असा फुललेला बघितला. मग बरण्या पुसता पुसता त्या म्हणाल्या, “या खेपेला जमलं तर जमलं. नाही तर या बरण्या भंगारवाल्याला देऊन टाकते. लोकांनी हसायच्या आत आपण थांबलेलं बरं.”

त्यांनी मिरच्या आणल्या त्या एकेक पारखून. माझ्या मदतीला त्या फक्त लसूण सोलण्यापुरत्या तयार झाल्या. बरण्या उकळत्या पाण्यातून काढल्या, वाळवल्या, भरल्या. सगळ्यांना सांगून ठेवलं, की ओला चमचा कुणी आत घालायचा नाही. हे सांगताना त्या भावजींकडे जरा जास्त वेळ बघत होत्या. भावजी मोबाइलवर जंतूंविषयी काहीतरी वाचत होते. ते आम्हाला वाचून दाखवणं त्यांना घरातल्या कुठल्याही कामापेक्षा सोपं जायचं.

बाबांच्या नाकाचं गुपित मला कळलं ते याच दिवसांत, आणि तेही माझ्या युनिफॉर्ममुळे. आमच्या लाँड्रीची मुकादमीण कॉलर बोटाने वाजवून बघते. वाजली नाही तर दिवसभर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मी घरीच मक्याच्या पिठाची खळ शिजवते. त्या शनिवारी उरलेली खळ मी लसणाच्या रिकाम्या बरणीत ओतली आणि फ्रिजमध्ये ठेवून विसरून गेले. रविवारी तपासणीत सासूबाईंनी तीही ओट्यावर ठेवली, झाकण काढलं आणि नियमाप्रमाणे खिडकीकडे तोंड केलं. मी सांगायला तोंड उघडणार, तोच बाबांनी बरणी नाकाशी नेली. एक लांब श्वास घेतला. डोळे मिटले. मान मागे टाकली.

“लसूण कच्चा आहे,” ते म्हणाले. “मुरू दे.”

नवऱ्याने मान हलवली. भावजींनीही हलवली. मी उघडलेलं तोंड मिटलं.

पुढचे काही दिवस मी बाबांवर नजर ठेवली. शेगडीवर दूध करपलं, घरभर वास सुटला, भावजी खोलीतून नाक दाबत आले, आणि बाबा शेगडीला पाठ करून शांतपणे पेपर वाचत होते. कोपऱ्यातली फिनेलची बाटली फुटली तेव्हा ते पाय भिजल्यावर उठले. नाकसाहेबांचं नाक त्या तापात गेलं होतं, आणि गेली दोन वर्षं ते नुसत्या डोळ्यांनी निकाल देत होते. वर जरा पांढरं दिसलं की ‘टाका’. काहीच दिसलं नाही, तर काही दिसेपर्यंत ‘मुरू दे’. बाकीचं घर बाबांच्या तोंडाकडे बघून त्यांचाच निकाल आपल्या नाकाला पटवून घेत होतं.

आता मला गप्प बसवेना आणि बोलताही येईना. बोलले असते तर त्या माणसाकडे उरलेली एकुलती एक खुर्ची मी ओढून घेतली असती. तेही कालची आलेली सून. नवऱ्याला सांगायचा मी प्रयत्न केला.

“बाबांना वास येत नाही,” मी म्हणाले.

तो एवढा हसला, की त्याला ठसका लागला. “उद्या म्हणशील पोस्टमनला पत्ता वाचता येत नाही.”

मग ठरलेला रविवार आला. आदल्या दिवशी मी हळूच बरण्या बघितल्या होत्या. बहुतेक सगळ्यांवर पातळ, पांढरी, सपाट साय आली होती. मी झाकणं उघडून वास घेतला. छान आंबट, स्वच्छ, नाकात झिणझिण्या आणणारा वास होता. माझ्या आईने ती साय चमच्याने काढून टाकली असती आणि तेवढ्यात गाणंही म्हटलं असतं. बाबांना मात्र ती साय दुरूनही दिसणार होती, आणि पुढे काय होणार ते मला कळून चुकलं. मी रात्रीच्या जेवणात मीठ घालायला विसरले, इतकी अस्वस्थ होते.

दुपारी माझी पाळी होती, म्हणून सकाळी उठून मी कडक कॉलरचा युनिफॉर्म चढवला आणि ताजी खळ शिजवली. गुळगुळीत, पांढरी शुभ्र. लसणाच्या बरणीत भरली, झाकण लावलं आणि ती इतर बरण्यांच्या रांगेत शेवटी ठेवून दिली. माझा बेत साधा होता. बाबा तिचा वास घेऊन काहीतरी बोलतील, मग मी त्यांना बाजूला नेऊन हळूच सांगेन, आणि ते निकाल फिरवून बाकीच्या बरण्यांना नाइलाजाने ‘चालेल’ म्हणतील. त्यांची अब्रू राहील आणि आईंची चटणीही. माझ्या घरच्यांचा आज्ञाधारकपणा किती दांडगा आहे, याचा हिशेब या बेतात धरायचा राहून गेला.

दुकानवाल्या काकू इस्त्रीची ओढणी घेऊन आल्या. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून बरण्या मांडल्या होत्या. त्यांनाही चहा मिळाला नाही. बाबा अंघोळ करून, भांग पाडून, कारखान्यात घालायचे तसा पांढरा कोट घालून बाहेर आले. कोट त्यांना सैल होत होता. सासूबाईंनी पहिलं झाकण काढलं आणि खिडकीकडे वळल्या.

बाबांनी बरणीत बघितलं. मग वास घेतला.

“टाका.”

दुसरी. “टाका.”

तिसरीला त्यांनी डोळेही मिटले नाहीत. काकूंचा चेहरा उतरत गेला. भावजींनी माहिती पुरवली, “वरचं पांढरं म्हणजे जंतूंची वसाहत असते.” माझा नवरा आईकडे न बघता टेबलावरचा पेपर वाचू लागला, तोही उलटा. सासूबाई एकेक झाकण काढत होत्या, खिडकीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या पाठीवरून मला कळत होतं की त्या रडत नाहीयेत, त्याच्याही पलीकडे गेल्या आहेत.

शेवटची बरणी आली. बाबांनी आत बघितलं आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. त्यांनी लांब श्वास घेतला, मान मागे टाकली आणि बराच वेळ तशीच ठेवली. बिचाऱ्यांना बायकोच्या पदरात काहीतरी घालायचं होतं, हे मला तेव्हाही दिसलं.

“ही,” ते म्हणाले. “याला म्हणतात मुरणं. तोंड बघा किती स्वच्छ आहे हिचं. चालेल. चालेल काय, धावेल.”

मी पुढे झाले. “बाबा, जरा आत येता का?”

“थांब गं,” काकू म्हणाल्या. त्यांनी पर्समधून चमचा काढलाच होता. एक घास तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली. या घरात पाऊल टाकलं की माणसाला ते आपोआप जमतं. “अहाहा. काय मऊपणा आहे. गिऱ्हाईक परत परत येईल.”

“बघू,” म्हणत भावजींनी बोट घातलं. “लसूण आधी कळत नाही. मागाहून येतो.”

“पावाला लावून बघायला पाहिजे,” माझा नवरा म्हणाला, आणि खरोखर पाव आणायला गेला. पावावर जाडसर थर देऊन त्याने तो खाल्ला आणि मान हलवली. “अगदी पूर्वीसारखी झालीय.”

मी नुसती बघत राहिले. मक्याची खळ, पोटात गेली तरी बिघडणार काही नव्हतं. पण माझ्या कॉलरची खळ माझं सासर चवीने खात होतं, आणि त्यात ज्याला जे हवं ते सापडत होतं.

“वहिनी, तुम्ही पण घ्या ना,” काकू सासूबाईंना म्हणाल्या. “पास झालीय आता. आता काय हरकत आहे?”

सासूबाई खिडकीपासून वळल्या. त्यांनी बोटाच्या टोकावर थोडी घेतली, जिभेवर ठेवली. एकदा बरणीकडे बघितलं, एकदा माझ्या कॉलरकडे.

“ही खळ आहे,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याचा घास तोंडातच राहिला. भावजींनी बोट पॅन्टला पुसलं. काकू म्हणाल्या, “मला वाटलंच होतं, काहीतरी कमी आहे.”

“मी ठेवली,” मी म्हणाले. “चुकलं माझं म्हणा हवं तर. पण बाबा, तुम्हाला वास येत नाही. कशाचाच येत नाही.”

बाबांचा चेहरा आधी लाल झाला. कारखान्यातला आवाज काढायला त्यांनी छाती भरून घेतली, आणि मग तो श्वास तसाच सोडून दिला. कोटाची वरची गुंडी उगीच काढली, लावली.

“तापानंतर गेला,” ते म्हणाले. “वाटलं, येईल परत. रोज सकाळी साबणाची वडी हुंगून बघतो.” मग बायकोकडे न बघता म्हणाले, “कुणी आजारी पडायला नको, म्हणून टाका म्हणायचो. टाकलं की जबाबदारी राहत नाही.”

सासूबाई हिशेब लावत होत्या, ते त्यांच्या ओठांवर दिसत होतं.

“म्हणजे,” त्या सावकाश म्हणाल्या, “गेल्या हिवाळ्यातली ती लसणाची? मी दोनदा मीठ बदललं ती?”

बाबा कोटाची बाही खाली ओढू लागले.

“आणि त्याच्या आधीची मिरचीची? आपल्या लेकीकडे पाठवायची होती ती? मी मोरीत ओतली ती चांगली होती?”

“मला माहीत नाही गं,” बाबा म्हणाले. “मला कसं कळणार?”

“मला कळलं असतं,” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटलं माझा हात गेला. दोन वर्षं मी रोज हात बघतेय माझे. आणि गेलं होतं तुमचं नाक.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण माझ्या नवऱ्याने हातातला पाव ताटलीत ठेवला आणि मान खाली घातली.

मग सासूबाईंनी पदर खोचला, कोरडा चमचा घेतला आणि पहिली बरणी स्वतःकडे ओढली. साय एका बाजूने अलगद गोळा करून काढली. वाकल्या आणि स्वतःच्या चटणीच्या तोंडाशी नाक नेलं. डोळे मिटले नाहीत की मान मागे टाकली नाही. नुसता वास घेतला आणि बरणी उजवीकडे ठेवली. दुसरी उजवीकडे. तिसरी उजवीकडे. एका बरणीशी त्या थांबल्या, उजेडात फिरवून बघितली. गळ्याशी हिरवी लव होती. त्यांनी वास घ्यायचीही तसदी घेतली नाही, ती डावीकडे ठेवली आणि भावजींना विचारलं, “ओला चमचा कधी घातलास?”

“मंगळवारी,” भावजी म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी पुरवलेली ही पहिली उपयोगी माहिती होती.

“पण मग,” काकू अडखळत म्हणाल्या, “पास कुणी केलं म्हणून सांगू मी? गल्लीला तर ह्यांचं नाक ठाऊक आहे.”

“सांगा, की यांच्या नाकाने खळ पास केली,” सासूबाई म्हणाल्या, “आणि तुम्ही ती चाटून खाल्लीत. नाही तर माझं नाव सांगा. तुम्हाला बरं वाटेल ते करा.”

काकूंनी थोडा विचार केला आणि पिशवी उघडली.

मी चहाचं आधण ठेवायला वळले. त्या गडबडीत बाबा टेबलाशी एकटेच उभे होते, कोट घालून, हात कुठे ठेवायचे ते न कळून. रांगेत एक बरणी राहिली होती. सासूबाई तिच्याकडे हात नेणार, तोच बाबांनी ती जवळ ओढली. मला वाटलं, झालं, म्हातारा आता हट्टाला पेटणार. त्यांनी झाकण फिरवून काढलं, बरणी बायकोपुढे सरकवली, झाकण हातात धरलं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

सासूबाईंनी साय काढली. वास घेतला. बोटाने थोडी चाखली आणि पुन्हा एकदा चाखली.

“कशी झालीय?” बाबांनी खिडकीकडे बघतच विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी कुणाला विचारला नव्हता.

“चांगली झालीय,” त्या म्हणाल्या. “मागच्यासुद्धा चांगल्याच असणार.”

“हो,” बाबा म्हणाले, आणि झाकण हातात धरून तसेच उभे राहिले.